मागून बसलेली गाडी

या पेजवर "खरी घटना" असं लिहिलेलं वाचलं की मी गालात हसायचे.

भौतिकशास्त्र शिकलेली मुलगी. प्रत्येक गोष्टीखाली माझी एकच कमेंट असायची, "सगळं ठीक आहे, पण कोणी मोजलं का?"

या वेळी मोजलंय.

मी स्वतः. बोटांनी, पट्टीने, आणि एकदा तर कारखान्याच्या वजनकाट्यावर.

म्हणून लिहितेय.

आणखी एक सांगते. या गोष्टीत अंधार नाही. वीज गेली, दार करकरलं, असलं काही नाही. जे घडलं ते भर दुपारी, मामाच्या घरामागच्या आवारात, पाण्याच्या नळाजवळ घडलं. शेजारच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिनेही पाहिलं.

तिला आज विचारलं तर ती दार लावून घेते.

परीक्षा झाली होती आणि नोकरी लागायची होती. तोवर मी पुन्हा मामाकडे, लहानाची मोठी झाले त्याच घरी, राहत होते. मामाचा एक पिकअप आहे. कोंबडीच्या दुकानांत जे विकलं जात नाही ते तो रोज उचलतो. आतडी, कातडी, पिसं, पंजे, मुंडकी. निळ्या ड्रममध्ये भरायचं आणि गावाबाहेरच्या कारखान्यात नेऊन ओतायचं. तिथे ते उकळतात. वरची चरबी वेगळी काढतात, खालच्याची भुकटी करतात.

कोणीतरी हे काम करायलाच हवं. मामा ते हसतखेळत करतो.

पण वास…

पहिल्या दिवशी तो नाकात जातो. दुसऱ्या दिवशी जिभेवर येतो. तिसऱ्या दिवशी तुम्ही पाणी प्यायलात तरी त्यावर बारीक तवंग आहे असं वाटतं.

मामी म्हणायची, "तुझ्या मामाच्या आधी त्याचा वास घरी पोचतो. मी दार वासाला उघडते, नवरा मागून येतो."

मामाला त्याचं काही नाही. तो गाडीच्या फाळक्यावरच डबा उघडायचा. शेजारी ड्रम. ड्रमच्या कडेला वाळलेलं पिवळं काहीतरी. डब्यावर माश्या. एका हाताने माश्या हाकलायच्या, दुसऱ्या हाताने जेवायचं. कोणता हात कोणता, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"शास्त्रज्ञबाई, नाक मुरडू नका," तो मला म्हणायचा. "आत सगळे असेच असतो आपण. फक्त झाकण लावलेलं असतं."

मग एके दिवशी कारखान्याच्या मॅनेजरने त्याला बोलावलं. माल वाढलाय. एका खेपेत जास्त ड्रम आणा, नाहीतर आम्ही मोठा ट्रकवाला बघतो.

मामाचं सगळं घर त्या पिकअपवर चालतं. दुसरं काम त्याला येत नाही, आणि या वासामुळे दुसरं कोणी त्याला कामावर ठेवणारही नाही. हे तो स्वतःच सांगायचा, हसत हसत. त्या दिवशी मात्र तो हसला नाही.

"गाडी मागून मजबूत करून घेऊ," तो म्हणाला. "पाटे वाढवू."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अशा गाडीच्या मागच्या चाकांवर कमान असते. एकावर एक ठेवलेले पोलादी पाटे, धनुष्यासारखे वाकवलेले. खाली चाकांना जोडणारा आडवा एक्सल, वर गाडीचा सांगाडा म्हणजे चासी, आणि दोघांच्या मध्ये ही कमान. ओझं आलं की पाटे दबतात. ओझं गेलं की परत वर येतात. जास्त ओझं न्यायचं तर एखादा पाटा जास्त घालायचा.

साधी गोष्ट आहे. रोज शेकडो लोक करतात.

हमरस्त्याच्या कडेला कमानवाल्याचं दुकान होतं. पत्र्याची शेड, एक भट्टी, आणि मोडक्या पाट्यांचा ढीग. कमानवाला पोट सुटलेला, मोठ्याने बोलणारा माणूस. त्याच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, पाटे वाढवलेली आणि पाटे मोडलेली. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं आणि बाजूला पचकन थुंकला.

"मागून बसलीय."

"कोण?" मी विचारलं.

"गाडी हो ताई! दुसरं कोण बसणार?"

मामा पोट धरून हसला. "पदवीधर आहे मिस्त्री, सांभाळून घ्या."

मीही हसले. गाडी बसली म्हणजे कमान दबली, हे मला तेव्हा कळलं.

पण गाडी तर रिकामी होती.

मी खाली वाकून बघितलं. एक्सल आणि चासी यांच्यामधली जागा बोटांनी मोजली. चार बोटं. कमानवाला म्हणाला, रिकाम्या गाडीत आठ तरी हवीत. डावी बाजू जास्त दबली होती.

"जुने पाटे झाले. दम गेला त्यांचा," तो म्हणाला.

त्याने दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट आवळले. गाडी अशी उभी राहिली की जणू पाहुण्यांसमोर पोट आत घेतलंय. मी मोजलं. आठ बोटं, वर थोडी जास्तच.

मामा खूश. जास्तीचे ड्रम चढले. मॅनेजर खूश.

आठवड्याभरात, एका सकाळी, गाडी आवारात रिकामी उभी होती.

मी सहज वाकले.

चार बोटं…

"नवे पाटे थोडे बसतातच," मामा म्हणाला.

"थोडे नाही मामा. निम्मे."

"मग निम्मे बसतात!"

मामी भांडी घासता घासता म्हणाली, "दिली ओसरी, हातपाय पसरी. जागा करून दिलीत ना तुम्ही? मग भरणारच ती."

ती ड्रमबद्दल बोलत होती. तेव्हा तरी.

त्याच सकाळी मला माश्या दिसल्या. म्हणजे… माश्या नाहीत हे दिसलं.

धुण्याआधी गाडीच्या मागच्या हौद्यात, जिथे ड्रम ठेवतात तिथे, इतक्या माश्या बसलेल्या असायच्या की हौद्याचा रंग बदलायचा. हात हलवला की अख्खी फरशी उठायची. पण डाव्या चाकाच्या बरोबर वर, ताटाएवढ्या जागेत, एकही माशी नव्हती. तिथेही तोच पिवळा ओघळ होता. तीच पिसं चिकटलेली होती. माश्या त्या जागेच्या कडेपर्यंत चालत यायच्या. थांबायच्या. पुढचे पाय एकमेकांवर चोळायच्या.

आणि मागे फिरायच्या.

मी काठीने आतड्याचा एक तुकडा ओढला. त्याच्यावर माश्या नुसत्या लगडल्या होत्या. तो मी हळूहळू त्या मोकळ्या जागेकडे सरकवला.

कडेला आल्यावर त्या उतरल्या.

उडाल्या नाहीत. उतरल्या. स्टॉप आल्यावर माणसं बसमधून उतरतात तशा.

मी काठी टाकून दिली.

त्या दिवसापासून मी गाडी धुवायला मामाला मदत करू लागले. कुतूहल होतं. भीती अजून आली नव्हती. होती ती फक्त किळस, आणि किळसेची सवय होते असं मला वाटायचं.

होत नाही.

धुऊन झाल्यावर हौदा निथळायचा, फरशी कोरडी व्हायची. तरी गाडीखाली डाव्या बाजूला टप… टप… चालूच. मी खाली बोट धरलं. पाणी नव्हतं. पिवळसर, थोडं बुळबुळीत. आणि कोमट.

नळाचं पाणी गार होतं.

गल्लीतलं एक मांजर रोज गाडीखाली यायचं, सांडलेलं चाटायचं. त्या दिवशी त्याने ते थेंब हुंगले, एकदा जीभ लावली, आणि तिथेच मान खाली घालून ओकायला लागलं. बराच वेळ. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिलं. परत ते कधी आमच्या आवारात दिसलं नाही.

मी बोट नाकाजवळ नेलं.

कोंबडीचा वास मला एव्हाना पाठ झाला होता. ताजा, कालचा, परवाचा, सगळे. हा तो नव्हता.

हा काखेचा वास होता. कोणीतरी खूप दिवस, न थांबता, न धुता, अंगमेहनत करत असावं… तसा.

मी तीन वेळा साबणाने हात धुतले. जेवताना तो हात मांडीखाली ठेवला.

मामा पुन्हा कमानवाल्याकडे गेला. मीही गेले.

आता नीट वाचा, कारण ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही. गाडी जॅकवर घेतली की आधी चासी उचलली जाते. कमान मोकळी होते, एक्सल खालीच राहतो. चाक सगळ्यात शेवटी जमीन सोडतं.

त्या दिवशी जॅकचा दांडा दोनदा हलवला, आणि चाक लगेच उचललं गेलं.

चासीबरोबरच. जणू दोन्ही एकत्र बांधलेली.

"गंज धरलाय कुठेतरी," कमानवाला म्हणाला. त्याने यू-बोल्ट खोलले. डावी कमान बाहेर ओढली. आता एक्सलच्या त्या टोकाला वर धरून ठेवणारं काहीच नव्हतं. ते खाली ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर आदळायला हवं होतं.

आदळलं नाही.

ते हवेत राहिलं.

कमानवाल्याचा हात पान्यासकट थांबला. मामा दुसरीकडे बघून फोनवर बोलत होता. मग ते टोक… सावकाश… खाली आलं. ठोकळ्यावर टेकलं. आवाज नाही. झोपलेलं मूल कोणी गादीवर ठेवावं, तसं.

"ब्रेकच्या पाइपाने धरलं असेल," कमानवाला म्हणाला. या वेळी हळू आवाजात.

पाइप रबरी होता. माझ्या करंगळीएवढा.

त्याने कमानीचे पाटे सुटे केले. ते सहज सुटले नाहीत. दोन पाट्यांच्या मध्ये काहीतरी थापलेलं होतं. पिवळं, दाट, जुन्या साबणासारखं. पाटे लांब नेले तसे त्याचे तार निघाले, ताणले गेले आणि तुटून त्याच्या मनगटावर चिकटले. तो शिव्या देत फडक्याने पुसू लागला.

"काय काय वाहता हो तुम्ही या गाडीतून!" तो मामावर ओरडला.

त्या गोळ्यात काहीतरी रुतलेलं होतं. त्याने स्क्रू-ड्रायव्हरने ते टोकरून काढलं.

नख.

"कोंबडीचं," तो म्हणाला.

कोंबडीचं नख टोकदार असतं, वाकडं असतं. हे सपाट होतं. रुंद, पिवळं, मुळापासून उखडलेलं. खालच्या बाजूला अजून ओलं होतं.

मी काही बोलायच्या आत त्याने ते भट्टीत फेकलं. ते तडतडलं. जो वास सुटला त्याने मामासुद्धा फोन कानाला लावून शेडबाहेर गेला. मामा! ज्याने आयुष्यभर ड्रमशेजारी डबा खाल्ला.

या खेपेला कमानवाल्याने सगळ्यात जाड पाटे घातले. दोन्हीकडे दोन दोन.

"आता हत्ती बसला तरी हलायची नाही," तो म्हणाला. त्याला आम्हाला लवकर घालवायचं होतं.

काही दिवस आठ बोटं राहिली.

मग सात.

मग एका सकाळी पुन्हा चार.

एवढ्या जाड पोलादाला चार बोटांपर्यंत दाबायचं तर केवढं वजन लागेल, याचा हिशोब मी केला. उत्तर मला पटलं नाही. पण अशा प्रश्नाचा निकाल लावणारी एक जागा मला माहीत होती. कारखान्याचा वजनकाटा. गाडी आत जाताना भरलेली तोलतात, बाहेर पडताना रिकामी.

"मामा, आज मी येते."

"ये की. नाकात कापूस घालून ये."

कापूस पुरला नाही. त्या कारखान्याचं फार वर्णन करत नाही. जमीन मऊ होती, एवढंच सांगते. आणि ती जमीन नव्हती.

ड्रम रिकामे झाले. हौदा रिकामा. गाडी काट्यावर उभी राहिली. मी उतरले, मामा उतरला. मी वाकून पाहिलं. कमान पूर्ण दबलेली. चार बोटं.

मी काट्याच्या खोलीत गेले. आत चहा पीत बसलेल्या माणसाला विचारलं, "रिकामी किती भरली?"

"कायम भरते तेवढीच."

"नीट बघा. जास्त असणार."

"ताई, गाडीची मुलाखत घेताय का? तेवढीच आहे. किलोचाही फरक नाही."

मी आकडा स्वतः वाचला. त्याचं खरं होतं. जाड पाट्यांचं वजन धरलं तर अगदी बरोबर.

म्हणजे वर काहीच नव्हतं.

मग गाडी दाबत कोण होतं?

परतीच्या रस्त्यावर मी खिशातलं बॉलपेन उघडलं, त्यातली स्प्रिंग काढली. तुम्हीही करून बघा. स्प्रिंग तळहातावर उभी ठेवा आणि वरून बोटाने दाबा. तळहाताला दाब कळतो. आता तीच स्प्रिंग अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरून दाबा, आणि चिमटीसकट हातात घेऊन बसा. स्प्रिंग तेवढीच दबते.

बाहेर कोणालाच काही कळत नाही.

काट्यालाही कळत नाही.

रस्त्यात एक गतिरोधक आला. गाडी उडाली. एरवी कमान कर्र करते. ती वाजली नाही. त्याऐवजी खालून, डाव्या बाजूने…

"हं…"

पोतं उचलताना हमाल करतो तसा.

"नवे पाटे. आवाज करणारच," मामा म्हणाला.

पुढचा गतिरोधक.

"हं…"

माझे पाय आपोआप सीटवर गेले. कारण आत्ता मला समजलं होतं. आम्ही सगळे हौद्यात बघत होतो. माश्या कुठे बसत नाहीत ते बघत होतो. काय बसलंय, कोण बसलंय. पण वर कोणी बसलेलंच नव्हतं. ते खाली होतं. एका हाताने एक्सल, एका हाताने चासी. दोन्ही आवळून, एकमेकांकडे ओढून…

ते धरून बसलं होतं.

त्याला वजन नव्हतं. फक्त पकड होती. आणि आम्ही एकावर एक पाटे घालून त्या पकडीला तालीम देत होतो.

घरी पोचलो तेव्हा ऊन कडक होतं. मी मामाला सगळं सांगितलं. स्प्रिंग दाखवली. तो मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे माझ्या गाडीला कोणीतरी मिठी मारलीय. बरंय. तुझ्या मामीने इतक्या जोरात कधी मारली नाही."

"मामा, ही गाडी विका. भंगारात घाला."

त्याचं हसू गेलं. "आणि खाऊ काय? हा माल बंद झाला तर मी कोण गं?"

त्याने पोतं जमिनीवर अंथरलं, हातात पत्र्याचा तुकडा घेतला. "चरबी साचलीय खाली. खरवडली की सगळं मोकळं होतं बघ." आणि तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला.

"मामा, बाहेर या."

खर्र… खर्र… चरबीच्या वड्या खाली पडत होत्या. पडल्यावर थोड्या हलत होत्या, कारण आत अळ्या होत्या. सगळ्या अळ्या एकाच दिशेने निघाल्या. गाडीपासून लांब.

मी गुडघ्यावर बसून आत पाहिलं.

एक्सलच्या नळीवर बोटभर जाड पिवळा थर होता, आणि त्या थरात पाच खाचा. नळीभोवती बोटं आवळली की पडतात तशा. तळाशी पोलाद दिसत होतं. झिजून, घामाने पुसून, आरशासारखं झालेलं. वर चासीवरही तशाच पाच.

"मामा, तिथे हात लावू नका."

"झालंच. अगं, बाहेर यायला काहीतरी धरू दे की."

त्याने पत्रा टाकला. एक हात एक्सलवर ठेवला. दुसरा चासीवर.

"वा," तो खालून म्हणाला. "पकडायला काय छान जागा झालीय बघ. बोटं बरोबर बसली."

आणि गाडी उठली.

एकदम. धाडकन. मागची बाजू हवेत उडाली, चाकं जमिनीवरून सुटली, परत आदळली. चारचे आठ, आठचे दहा. गच्चीवरून ती बाई ओरडली, "अहो, गाडी बघा!" हौद्यातल्या माश्यांचा ढग उठला, एक घिरटी घातली, आणि पावसासारखा खाली आला. डाव्या चाकावरच्या त्या मोकळ्या जागेत. ती जागा काळी झाली.

मग सगळं शांत.

"मामा?"

पोत्यावर त्याचे पाय दिसत होते. स्थिर.

"मामा!"

मग गाडीखालून आवाज आला. मामाचा.

"हं…"

तो सरपटत बाहेर आला. घामाने निथळत होता, पण चेहरा आनंदी. "बघ! चरबीच होती. कशी उठली!"

मी मोजलं नाही. मी त्याच्या हातांकडे बघत होते. त्याची बोटं अजून वळलेली होती. ती सरळ व्हायला वेळ लागला.

त्या दिवसापासून गाडीला काही झालेलं नाही. आठ बोटं. कधीही मोजा. जास्तीचे ड्रम आरामात जातात. कमानवाला सगळ्यांना सांगतो, बघा माझं काम.

मामा मात्र वाकायला लागला.

आधी थोडा. मग डावा खांदा खाली आला. मामीला वाटलं ड्रम उचलून झालं. डॉक्टरकडे नेलं. त्याने पाठीचे फोटो काढले, हाडं ठीक होती. वजन केलं. कायम भरतं तेवढंच.

डॉक्टर म्हणाला, "पाठीला आधार द्या. कमरेला पट्टा बांधा." पट्टा बांधला. मामा चार दिवस ताठ चालला, मग परत दबला. डॉक्टरने त्याहून कडक पट्टा दिला, आत पोलादी पट्ट्या घातलेला.

पोलादी पट्ट्या.

मी ओरडले, "नका घालू. काढा तो."

"मग उभा कसा राहू गं?" मामा म्हणाला.

आणि त्याने पट्टा आणखी घट्ट ओढला.

नोकरी लागली आणि मी तिथून निघाले, त्या सकाळी मामाला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं. माझ्या लहानपणी आम्ही सगळे तिथे उंची मोजायचो, मामाचीही खूण होती. मी त्याच्या डोक्यावर पट्टी ठेवली.

चार बोटं कमी.

मग आवारात टेबल टाकून जेवायला बसलो. मामाचा डबा नेहमीसारखा उघडा होता. शेजारी धुवायचे ड्रम. माझ्या ताटावर माश्या, मामीच्या ताटावर माश्या.

मामाच्या डब्यावर एकही नाही.

त्याच्या बाजूच्या माश्या टेबलाच्या कडेवर रांगेत बसल्या होत्या. पाय चोळत.

मी ताट तसंच सोडून उठले. मामीला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याच्या पाठीला हात लावू नकोस." ती रागावली. "वास येतो म्हणून? इतकी वर्षं काय केलं मग मी? रोज तेल लावते त्याला. थोडं तरी बरं वाटतं."

काल मामीचा फोन आला. आवाज खूप आनंदी.

"अगं, तुझा मामा आज ताठ उभा राहिला! पट्टा नाही, काही नाही. दुपारी तेल लावत होते. एक हात मानेवर, एक कमरेवर. म्हटलं, काय छान जागा झालीय पकडायला, बोटं अगदी बरोबर बसतायत. आणि तो ताडकन उठलाच! आत्ता ड्रम धुतोय, माश्या हाकलतोय, शिव्या देतोय."

मी विचारलं, "आणि तू? तू कशी आहेस मामी?"

पलीकडे ती खुर्चीवरून उठली असावी. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग…

"हं…"

"मामी?"

"काही नाही गं. पाठ भरून आलीय जरा. तुझ्या मामाच्या हातांना वास येतो, त्याला मी चोळू देत नाही. तूच ये ना चार दिवस."

मी हो म्हणाले. जायलाच हवं. मला लहानाचं मोठं तिने केलंय.

बॅग भरून दाराशी ठेवलीय. पट्टी घेतलीय, साबण घेतलाय.

पण तिथे गेल्यावर हात कुठे ठेवायचे, ते अजून ठरत नाहीये.